सहा महिन्यांची वाट

दाजी म्हणतात, शहरातल्या माणसाला आश्विनात दोन रोग होतात. उन्हानं पित्त उठतं, हा पहिला. गावाकडं येऊन उगाच पायी हिंडावंसं वाटतं, हा दुसरा. पहिल्यावर धने-जिऱ्याचं पाणी आहे. दुसऱ्यावर औषध नाही.

मला दुसरा आहे. दसरा उलटला की पुण्याहून परळीची गाडी धरायची, वैजनाथाचं दर्शन घ्यायचं आणि थोरल्या बहिणीच्या गावी जायचं, हा नेम गेली काही वर्षं चुकलेला नाही. बहिणीचं गाव परळीपासून तीन कोसांवर, बालाघाटाच्या कुशीत. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या एका वाटेवरून भाऊबंदकी पेटलेली आहे, आणि दोन्ही बाजूंची माणसं बहिणीच्या हातचं जेवून गेलेली आहेत.

२०२५चा दसरा झाला होता, दिवाळी यायची होती. पाऊस दोन दिवस उघडला होता. दाजी बाजाराला म्हणून मोटारसायकलवर परळीत आले होते. मी म्हणालो, गाडी भाच्याच्या दुकानापुढं राहू द्या, डोंगरातून जुन्या वाटेनं चालत जाऊ. दाजींनी माझ्याकडं एका विशिष्ट नजरेनं पाहिलं. एरवी ती नजर ते 'मालात ओल आहे' म्हणणाऱ्या व्यापाऱ्यासाठी राखून ठेवतात. पण मी पडलो मेव्हणा, निघाले. पुढचे चार तास आम्ही भांडत चाललो. ते भांडण जसं झालं तसं देतो.

वैजनाथाच्या पायऱ्या उतरलो तेव्हा ऊन कोवळं होतं. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात जीर्णोद्धार केलेलं हे देऊळ डोंगराच्या उतारावरच आहे. परळीत देव आणि डोंगर वेगळे काढता येत नाहीत. जगमित्र नागांच्या समाधीला हात जोडले आणि पहिली ठिणगी तिथंच पडली.

मी : दाजी, जगमित्रांची वाघाची गोष्ट ठाऊक आहे ना?

दाजी : परळीच्या माणसाला इचारायलात व्हय? गावानं संताला जमीन दिली. नवा अधिकारी आला अन् म्हणाला, जमीन काढून घेतो. न्हाईतर माझ्या पोरीच्या लग्नाला वाघ आणून दे. ह्यांनी रानातनं खराच वाघ आणला. अधिकाऱ्याची पाचावर धारण बसली. जमीन वाचली.

मी : महिपतींनी ती 'भक्तविजया'त सांगितली आहे. १७६२चा ग्रंथ. मला त्यात वाघ महत्त्वाचा वाटतो. परळीभोवती वाघ सापडेल इतकं रान आहे, हे तेव्हाच्या ऐकणाऱ्याला पटत होतं. आज हीच गोष्ट कुणी रचली तर वाघ आणायचा कुठून?

दाजी : मला जमीन महत्त्वाची वाटती. देवाचा लाडका माणूस, अन् त्यालाबी जमिनीपायी सरकारी माणसाचं ऐकावं लागलं. आमी तर साधे. आमाला वाघबी सापडंना अन् तहसीलदारबी सापडंना.

चढण लागली. गवत गुडघ्याच्या वर होतं. कुसळी हिरव्यातून पिवळ्यात चालली होती. वारा आला की अख्खा उतार एका कुशीवर वळल्यासारखा दिसे. तरवड फुलला होता. मधूनच एखादा आपटा, सोनं लुटून नेल्यामुळे खालच्या फांद्यांना ओरबाडलेला. तारेवर नीलकंठ बसला होता. दसऱ्याला ज्याच्या दर्शनासाठी लोक माना वर करतात, त्याच्याकडं आता कुणाचं लक्ष नव्हतं, आणि त्याचं त्याला काही वाटतही नव्हतं. मागं वळून पाहिलं तर औष्णिक वीज केंद्राची धुराडी.

मी : ती धुराडी टेकाडाआड गेली की मला गावाला आल्यासारखं वाटतं.

दाजी : मला ती धूर काढताना दिसली की बरं वाटतं. १९७१ला केंद्र चालू झालं, तीस-तीस मेगावॉटचे संच. आता अडीचशेचे तीन हायेत. वाळत घातलेल्या धोतरावर राख बसती, खरं हाय. पर २०१३ला पाणी न्हवतं म्हणून केंद्र बंद पडलं, तव्हा बाजारात उधारीच्या वह्या कशा फुगल्या ते मी बघितलंय.

मी : म्हणजे धूर पाहिजे?

दाजी : चूल पेटली की धूर व्हतोच. धूर नको म्हणणाऱ्यानं भाकरी कुठं शिजती ते आधी सांगावं.

वर खडकाच्या फटीफटींतून सीताफळी होत्या. लावलेल्या नव्हेत, आपल्या आपण आलेल्या. फळांचे डोळे उघडून मधली रेघ पांढरट झाली होती. एक हाताला लागलं ते फोडलं. विषय बदलेल असं वाटलं होतं.

मी : ना पाणी, ना खत, खडकातून उगवतं आणि असं गोड लागतं! बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, उगाच नाही.

दाजी : अन् हे बाजारात जातं कसं? बाया झुंजूमुंजूला डोंगर चढत्यात. डोळा उघडलेलं फळ हेरून काढत्यात अन् पाटी डोक्यावर घेऊन ह्याच वाटेनं उतरत्यात. फळ नाजूक. पाय घसरला की दिवस गेला. तुमच्या मानांकनात वाटेचं काही लिव्हलंय का?

लिहिलेलं नाही. मी बिया थुंकत पुढं चालू लागलो.

पठार ओलांडून उतरलो तशी गाडीवाट लागली. दोन चाकोऱ्या, मधे गवताची पट्टी, दोन्ही अंगांना बोरी-बाभळी. बांधावर पांढरी फुलं आलेला रानवेल. होला घुमत होता, दूर कुठं तितर ओरडला. सावलीत गारवा आणि उन्हात चटका, दोन्ही एकाच पावलात. मला या जगात याहून देखणा रस्ता माहीत नाही. तसं बोलून गेलो.

दाजी : देखणा. बरं. पाय बगा तुमचे.

काळी माती घोट्याच्या वर चढली होती. बूट दीड किलोचा एकेक झाला होता. दाजींनी चपला केव्हाच हातात घेतल्या होत्या.

मी : हस्ताचा पाऊस आहे. चार दिवसांत वाळेल.

दाजी : चार दिवसांत सोयाबीनला कोंब फुटत्यात. ह्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस कसा झाला ते तुमी पुण्यात टीव्हीवर बघितलं असंल. जे वाचलं ते कापलं, बुचाड लावलं, वर ताडपत्री टाकली. मळणीयंत्र शेतात न्यायला खालच्या अंगाला हीच वाट. ट्रॅक्टरचं मोठं चाक आसापर्यंत रुतलं. दुसरा आणला वढायला, तोबी रुतला. आठ दिवस गेले. बुचाड उघडलं तर आतनं वाफ. दाणा काळा. सरकारचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. काळ्या दाण्याला तो कोण देतो?

मी : मग काय करायचं म्हणता?

दाजी : मुरूम टाकायचा, रोलर फिरवायचा. जमलं तर डांबर. बैलगाडी गेली, आता हार्वेस्टर येतंय. त्याला बारा फूट पाहिजे. तुमची गवताची पट्टी त्याच्या कुठल्या चाकाखाली येती ते त्याला दिसतबी न्हाई.

मी : मुरूम टाकायला आधी जेसीबी येतं. ते पहिल्या दिवशी या बोरी-बाभळी मुळासकट काढतं. होला गेला, तितर गेला, पोरांची बोरं गेली. मुरूम येतो तोही कुठला तरी डोंगर कोरूनच. त्यावर डांबर पडलं की मोटारीतून माणसं येतात, शेताच्या कडेला दगड रोवून प्लॉट पाडतात. माल बाहेर काढायला केलेल्या रस्त्यावरून पाच वर्षांत जमीनच बाहेर जाते. हे मी पुण्याच्या चारी बाजूंनी बघितलंय.

दाजी : जमीन इकायची का न्हाई ते इकणारा ठरवील. पर वाट न्हाई म्हणून ती मातीमोलानं इकावी लागू नये. वाट नसलेल्या वावराला बँक दारात उभं करीत न्हाई, माहीत हाय का?

माहीत नव्हतं. ओढ्यापाशी आलो. पाणी घोट्याइतकं, नितळ, तळाचे खडे मोजावेत असं. दाजी पाण्यात थांबले.

दाजी : १९९४चा भादवा. ह्याच वढ्याला कमरेइतकं पाणी व्हतं. तुमच्या बहिणीचे दिवस भरलेले. कळा सुरू झाल्या त्या राती. बाजेवर घातलं, चार गडी खाली, मी कंदील धरून पुढं. वढ्यात एकाचा पाय सरकला. बाज तिरकी झाली. ती वरडली न्हाई, फकस्त बाजेचा गात गच्च धरला. सडकेला पोचायला अडीच तास लागले. तिथनं जीप.

मी काही बोललो नाही. त्या साली मला पुण्यात एक कार्ड आलं होतं. 'मुलगा झाला. प्रकृती ठीक आहे.' एवढंच. मुलगा म्हणजे ज्याच्या दुकानापुढं मोटारसायकल लावून आलो, तो.

दाजी : म्हणून तुमी ह्या वाटेला देखणी म्हणलं की मला राग येतो. वाट देखणी हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पर ती देखणी दिसायला माणूस रिकामं पाहिजे, अन् त्याचे पाय कोरडे पाहिजेत.

हा मुद्दा मला खोडता आला नाही, अजूनही येत नाही. पण हरलो असं कबूल करायचं मेव्हण्याच्या जातीला जमत नाही. ओढ्याच्या पलीकडं चढताना मी दुसरीकडून धरलं.

मी : दाजी, दर कार्तिकीला पंढरपूरला चालत कोण जातं?

दाजी : ती वारी हाय. हे फिरणं हाय.

मी : एसटी आहे. जीप आहे. सात-आठ दिवस पाय घासत जायचं कारण काय?

दाजी : देवाला चालत जायचं असतं.

मी : आणि वाटेत काय बघता?

दाजी : बगायचं काय? ज्वारी पोटऱ्यात आलीय का, कुणाचं रान कसं हाय, कुठल्या हिरीला पाणी हाय. भजन. कुणाच्या तरी वसरीवर झोपायचं. (थोडं थांबून) डांबरावरनं चालताना पायाला फोड येत्यात, म्हणून आमी कडंच्या मातीवरनं चालतो. आता तीबी कड ऱ्हायली न्हाई, रस्ता रुंद केलाय.

मी : बघा. तुम्हांलाही वाट पायांनी वाचायची असते. तुम्ही त्याला वारी म्हणता, मला देवाचं निमित्त नाही, म्हणून मी त्याला फिरणं म्हणतो.

दाजी : वारीला जाणारा परत येऊन पेरणी करतो. तुमी परत जाऊन लेख लिव्हता.

यावरही उत्तर नव्हतं. मग मी इंग्लंड काढलं. मुलगी तिकडं शिकायला होती तेव्हा पंधरा दिवस राहिलो होतो. तिथंही हाच ऋतू होता, झाडं तांबडी झाली होती, आणि लोक शनिवार-रविवारी रानवाटांनी चालत सुटत.

मी : तिकडं पायवाटा वेगळ्या, घोडवाटा वेगळ्या. घोडवाटेवर घोडेस्वार आणि पायी माणूस दोघांना हक्क. १९४९च्या कायद्यानं त्या सगळ्या नकाशावर नोंदवायला घेतल्या. वाट खासगी शेतातून जाते, शेत मालकाचंच असतं, पण चालण्याचा हक्क सगळ्यांचा. शेतकऱ्यानं पेरणीसाठी मधली वाट नांगरली तर चौदा दिवसांत पुन्हा चालती करून द्यायची. बांधालगतची असेल तर नांगरायचीच नाही.

दाजी : चौदा दिवस? (हसले.) अन् कोण मोजतं?

मी : फिरणारेच. वाट अडलेली दिसली की कळवतात. त्यांच्या संघटना आहेत.

दाजी : म्हणजे रिकामी माणसं लै हायेत म्हणा की.

म्हणाले खरं, पण थोडं पुढं गेल्यावर त्यांनी 'चौदा दिवस' हे पुन्हा एकदा स्वतःशीच म्हटलं.

लिंबाखाली एक म्हातारा धनगर बसला होता. मेंढरं गवतात पसरलेली, कुत्रं आमच्याकडं बघून भुंकायचं की नाही याचा विचार करत होतं. दाजींनी रामराम घातला.

म्हातारा : पुढं कुठं जाता? वाट न्हाई पुढं.

दाजी : न्हाई म्हणजे?

म्हातारा : काट्या टाकल्यात. मला मेंढरं खालनं डांबरानं आणावी लागली. परवा टेम्पोनं एक उडवलं.

शंभर पावलांवर गेलो. गाडीवाट जिथं दोन शेतांच्या मधून जाते तिथं बाभळीच्या फांद्या आडव्या रचल्या होत्या. पाला अजून वाळून गळालेला नव्हता. आठवडा झाला असेल. पलीकडं वाट अशी उरलीच नव्हती. ज्वारीसाठी केलेली मशागत या बांधापासून त्या बांधापर्यंत सलग गेली होती. चाकोऱ्या, गवताची पट्टी, बोरी, सगळं एकजीव काळं. अंगठ्याएवढी पाऊलवाट बांधावरून जात होती, तीही काट्यांनी बुजलेली.

आत्तापर्यंत आम्ही दोघं ज्या वाटेवरून भांडत होतो, ती वाट तिथं नव्हती. मुरमाची नव्हे आणि गवताचीही नव्हे.

मी पिशवीतून कागद काढला. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत मागच्या खेपेलाच घेऊन ठेवली होती, हौस म्हणून. नकाशात पायवाट तुटक एका रेषेनं दाखवतात, गाडीवाट तुटक दुहेरी रेषेनं. इथं दुहेरी रेषा होती, ठसठशीत, दोन गटांच्या मधून ओढ्यापर्यंत.

मी : हे कुणाचं रान?

दाजी बराच वेळ बोलले नाहीत.

दाजी : माझ्या चुलतभावाचं. वरच्या अंगाला चार घरांची वावरं हायेत, त्यांची वाट ही. चारीबी घरं तोडीला जात्यात. मागल्या साली मार्गशीर्षात ह्यानं नांगराचं एक तास वाटंत घातलं. दुसऱ्या बाजूच्यानं बघितलं, त्यानंबी एक घातलं. गावात बोलायला कोण व्हतं? म्हातारी अन् शाळंतली पोरं.

मी : तुम्ही होतात.

दाजी : व्हतो. एकटा कामून वाईट व्हऊ, म्हणलं. भाऊ हाय. बांधाला बांध हाय. लगीनकार्यात एका पंक्तीला बसायचं असतं.

मी : आणि चार घरं परत आली तेव्हा?

दाजी : पाडवा करून आली. भांडली. ह्यानं सांगितलं, पेरून गेलंय, आता पीक निघाल्यावर बघू. पीक निघालं. अन् ती घरं पुन्यांदा गेली. दोन तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच गेली, कर्नाटकातले कारखाने लवकर पेटत्यात. ती गेली अन् ह्या काट्या पडल्या.

बीड जिल्ह्यातल्या वाटांचं हे गणित मला त्या काट्यांपुढं उभं राहिल्यावर कळलं. दसरा ते दिवाळी हा इथं हिंडण्याचा मोसम असतो माझ्यासारख्यासाठी. गावासाठी तो निघून जाण्याचा मोसम आहे. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता; असे कोयते टायरगाड्यांवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत संसार भरून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात ते चैत्राच्या तोंडाशी परततात. ज्या पायांनी वाट मळलेली राहायची ते पाय तेवढ्या काळात दुसऱ्याच्या उसाच्या फडात असतात. आणि नांगर नेमका तेव्हाच फिरतो.

त्यात कायदा असा. शेताला जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडं दावा लावता येतो. तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो. पण दावा अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे, बांधावरून नवा रस्ता मागता येतो. ते वेगळं प्रकरण. मे २०२५मध्ये शासनानं निर्णय काढला की शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर 'इतर हक्कां'त व्हावी. निर्णय चांगला आहे. पण नोंद करायला आधी वाट आहे असं सांगणारं कुणीतरी गावात पाहिजे.

हे सगळं मी दाजींना सांगितलं. ते फांदीवरचा एक काटा मोडत होते.

दाजी : म्हणजे मागल्या सालचं तास गेलं.

मी : त्यावर वाद होईल. पण या काट्या आठ दिवसांच्या आहेत.

दाजी : (काटा टाकून) तुमी ह्या वाटेनं चला म्हणला नसता तर मला ह्या दिसल्या नसत्या. मी रोज डांबरावरनं येतो.

आयुष्यात पहिल्यांदा दाजींनी माझ्या हिंडण्याला काही किंमत दिली होती. खरं तर गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, बघा, रिकाम्या माणसाचाही उपयोग होतो.

दाजी : व्हतो. पर तुमी तीन दिवसांनी पुण्याला जाणार. भावाच्या दारापुढनं मला रोज जायचंय.

मेंढरांच्या मागून, बांधाच्या कडेनं, काटे चुकवत आम्ही पलीकडं गेलो. उरलेली वाट फारसं बोलणं झालं नाही. गाव दिसायला लागल्यावर दाजी एकदा म्हणाले, की बालाघाटाच्या उत्तरेचं पाणी गोदावरीला जातं आणि दक्षिणेचं मांजरेला, पण मांजराही शेवटी गोदावरीलाच मिळते. हे त्यांनी का सांगितलं ते मी विचारलं नाही. भावाचा विचार करत असावेत.

बहिणीनं दारातच पाय धुवायला पाणी दिलं आणि आमचे दोघांचे पाय बघून म्हणाली, गाडी कुठं टाकली? दाजींनी सांगितलं. ती हसली, मग वाटेचं ऐकल्यावर हसायची थांबली. चहा होईपर्यंत म्हणाली, "त्या चार घरांतली थोरली सून माझ्याकडं किल्ली देऊन गेलीय. तिला काय सांगू, घर राखलं अन् वाट नाही राखली?"

रात्री अर्ज लिहायला बसलो. अक्षर माझं, सांगणं दाजींचं. प्रतिवादीचं नाव लिहायची ओळ आली तेव्हा पेन थांबलं. दाजींनी नाव सांगितलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मग म्हणाले, त्यात मुरमाचंबी घाला. मी म्हणालो, ते वेगळ्या कार्यालयाचं काम, वेगळा अर्ज लागेल.

दाजी : मंग दोन लिव्हा. अन् दुसऱ्यात असं लिव्हा की वढ्याच्या अलीकडचं आपट्याचं झाड सोडून.

दोन लिहिले. मुरूम मागणाऱ्या अर्जावर माझं अक्षर आहे, हे मी इथं कबूल करतो. बोरी-बाभळींचं काय होईल ते मला माहीत नाही, आणि जेसीबीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. दाजींचंही गवताच्या पट्टीबद्दलचं मत बदललेलं नाही. पुढच्या आश्विनात पुन्हा भांडू. भांडायला वाट तरी जागेवर पाहिजे, एवढ्यापुरतं आमचं जुळलं.

वाचणाऱ्याला एकच सांगणं आहे. आपल्याकडं दसऱ्याला सीमोल्लंघन करतात. बहुतेक ठिकाणी ते देवळापर्यंत जाऊन आपट्याची पानं देण्यापुरतं उरलं आहे. पुढच्या दसऱ्याला ते खरंच करा. गावनकाशाची प्रत घ्या, तुटक रेषा जिथून जाते तिथून शिवेपर्यंत चालत जा. सोबत एखादा शेतकरी घ्या, म्हणजे वाट फक्त देखणी दिसणार नाही. जिथं वाट तुटली असेल तिथं उभं राहून त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा, आणि जे गावात नाहीत त्यांना फोन करून सांगा.

दावा लावायची मुदत सहा महिन्यांची आहे. ऊसतोडीचा हंगामही साधारण तेवढाच असतो.